वसुली एजन्सीकडे गेलेली क्रेडिट कार्डची जुनी थकबाकी कशी मिटवायची: आधी कागद, मग पैसे

जुनी थकबाकी मिटवायला निघालेले बहुतेक जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. वसुलीवाल्याचा फोन येतो. तो म्हणतो, "आज 15 हजार टाका, फाइल बंद करून देतो." माणूस उसनेपासने करून पैसे यूपीआयने पाठवतो. पुढे गृहकर्जाचा अर्ज केला की कळतं, कार्डाचं खातं अजून थकीतच दिसतंय, भरलेले पैसे व्याजात जिरलेत आणि फाइल तिसऱ्याच एजन्सीकडे गेली आहे. पैसे भरूनही प्रकरण मिटत नाही, कारण कुठलाही कागद हातात येण्याआधीच ते भरलेले असतात.

खालचे टप्पे भारतातल्या बँकांच्या वैयक्तिक क्रेडिट कार्डांसाठी आहेत. क्रम बदलू नका. पहिले आठ टप्पे पूर्ण होईपर्यंत एक रुपयाही भरायचा नाही.

## टप्पा 1: फोन घ्या, पण कबुली देऊ नका

फोन टाळून काही साधत नाही, आणि फोनवर सौदा करूनही नाही. पहिल्या फोनवर फक्त माहिती घ्या: बोलणाऱ्याचं नाव, एजन्सीचं नाव, कोणत्या बँकेचं कोणतं खातं, कार्डाचे शेवटचे चार अंक. मग एकच वाक्य बोला: "तुमचं बँकेने दिलेलं अधिकारपत्र आणि थकबाकीचं विवरण लेखी पाठवा, ते पाहून मी बँकेशी बोलेन."

प्रकरण एजन्सीकडे देताना बँकेने ग्राहकाला एजन्सीचे तपशील कळवायचे असतात. घरी येणाऱ्या एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र असावं लागतं. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा ऑफिसातल्या लोकांना सांगून बदनामी करणं, हेही चालत नाही.

सावधान: "हो, मी देणं लागतो, पुढच्या महिन्यात देतो" असं व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून देऊ नका. "निदान 500 रुपये टोकन टाका" याला बळी पडू नका. कारण टप्पा 5 मध्ये आहे.

आजपासून एक वही करा. तारीख, वेळ, नंबर, कोण काय बोललं. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हीच वही कामाला येते.

## टप्पा 2: क्रेडिट रिपोर्ट काढा, एक नाही चारही

भारतात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. लोक फक्त सिबिल पाहतात आणि थांबतात. पण चारही ठिकाणी नोंद सारखीच असेल असं नाही.

रिपोर्टमध्ये स्कोअर सोडून द्या, त्याने आत्ता काही ठरत नाही. त्या खात्याची नोंद उघडून या गोष्टी लिहून घ्या:

- खातं कोणाच्या नावाने कळवलं जातंय, बँकेच्या की दुसऱ्या कुणाच्या
- शेवटचं पेमेंट कोणत्या तारखेचं
- स्थिती काय: थकीत, रिटन ऑफ, की सेटल्ड (म्हणजे कमी रकमेत तडजोड करून मिटवलेलं)
- राइट ऑफ केलेली एकूण रक्कम आणि त्यातलं मुद्दल (हे दोन आकडे वेगळे दाखवलेले असले तर सोन्याहून पिवळं, बोलणीच्या वेळी मुद्दलाचाच आकडा लागतो)

"राइट ऑफ" म्हणजे माफी, हा गैरसमज फार पसरलेला आहे. बँकेने आपल्या हिशेबाच्या वह्यांतून ते कर्ज बाजूला काढलं, एवढाच त्याचा अर्थ. तुमची जबाबदारी आणि बँकेचा वसुलीचा हक्क, दोन्ही शाबूत राहतात.

तपासा: कार्डावर कधी झटपट कर्ज घेतलं होतं का? अनेकदा त्याचं वेगळं खातं असतं आणि रिपोर्टमध्ये वेगळी ओळ असते. कार्डाची तडजोड होते, कर्जाची ओळ तशीच राहते, आणि सहा महिन्यांनी पुन्हा फोन सुरू होतात. दोन ओळी असतील तर दोन्हींचं बोलणं एकदमच करायचं.

## टप्पा 3: देणं आज कोणाचं आहे ते नक्की करा

इथे दोन शक्यता असतात आणि दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

पहिली: कर्ज बँकेचंच आहे, एजन्सी फक्त वसुलीचं काम करते. अशा वेळी तडजोड मंजूर करण्याचा अधिकार बँकेचा. एजंट निरोप नेणारा आहे, त्याचं "मी करून देतो" याला काडीची किंमत नाही.

दुसरी: बँकेने ते कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे एआरसीला, विकलं आहे. मग देणं त्या कंपनीचं. बँकेत जाऊन उपयोग नाही आणि बँकेच्या जुन्या कार्ड खात्यात पैसे भरणं तर मुळीच नको. क्रेडिट रिपोर्टवर त्या कंपनीचं नाव दिसतं. तरी बँकेच्या तक्रार कक्षाला ईमेल करून "हे कर्ज हस्तांतरित झालं आहे का, कोणाला, कोणत्या तारखेला" हे लेखी विचारा.

दोन वेगवेगळ्या एजन्सी एकाच कार्डासाठी फोन करत असतील तर हा टप्पा दुप्पट महत्त्वाचा. बहुधा त्यातली एक जुनी असते, तिच्याकडून काम काढून घेतलेलं असतं आणि तिचा माणूस जुन्या यादीवरून अजून नशीब आजमावत असतो.

## टप्पा 4: आकडा फोडून पाहा

एजन्सी सांगते तो एकच मोठा आकडा असतो. त्याचे तुकडे केल्याशिवाय बोलणीला बसू नका. बँकेकडून शेवटच्या पेमेंटच्या आधीच्या महिन्यापासून पुढची सगळी मासिक विवरणपत्रं मागवा आणि कागदावर चार रकाने करा: प्रत्यक्ष खर्च केलेलं मुद्दल, व्याज, विलंब शुल्क व इतर शुल्क, आणि व्याज-शुल्कावरचा 18 टक्के जीएसटी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कार्ड बंद पडलं तेव्हा खरेदीची बाकी ₹62,000 होती आणि आज ₹1,94,000 मागतायत. दरमहा साडेतीन टक्के व्याज म्हणजे चक्रवाढ न धरताही वर्षाला 42 टक्के. ₹62,000 वर पहिल्याच वर्षी ₹26,040 व्याज होतं, वर जीएसटी, वर दर महिन्याचं विलंब शुल्क. आकडा फुगला त्याचं कारण इथे आहे. बँक सवलत देते ती मुख्यतः या फुगवट्यातून, म्हणून मुद्दल किती हे तुम्हाला तोंडपाठ हवं.

न भरलेली शुल्कं आणि कर मुद्दलात मिसळून त्यांच्यावर पुन्हा व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने बंदी घातली आहे. विवरणपत्रांत तसं झालेलं दिसलं तर तो भाग अधोरेखित करून लेखी हरकत घ्या.

मात्र "30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज बेकायदा आहे" हा जो मजकूर फिरतो, त्यावर विसंबू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तसा निर्णय दिला होता हे खरं, पण सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला. बँकेपुढे हा मुद्दा काढलात तर तुमच्या बाकीच्या बरोबर मुद्द्यांचंही वजन जातं.

## टप्पा 5: थकबाकीचं वय मोजा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

मुदत कायदा, 1963 नुसार अशा पैशांच्या वसुलीचा दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीच्या आत तुम्ही सही करून देणं लेखी मान्य केलंत, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजली जातात. मुदतीत केलेल्या अंशतः भरण्यानेही, त्याची तुमच्या हाताची किंवा सहीची नोंद असेल तर, तेच होऊ शकतं. म्हणून ते टोकन आणि ते "देतो हो पुढच्या महिन्यात" इतकं महागात पडतं.

मुदत उलटल्यावरही एक सापळा असतो. करार कायद्याच्या कलम 25 प्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं सहीचं लेखी वचन दिलंत, तर त्या वचनाच्या जोरावर दावा लावता येतो.

मोजताना एक दुरुस्ती करा: 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा करोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीच्या मोजणीतून वगळला आहे. 2018-19 मध्ये थकलेल्या कार्डाचं गणित यामुळे बदलतं.

मुदत संपली म्हणजे कर्ज पुसलं गेलं असं नाही. दाव्याचा रस्ता बंद होतो, देणं कागदावर राहतं आणि क्रेडिट रिपोर्टवरची नोंदही राहू शकते. माझं मत विचाराल तर ज्याला पुढे घरासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज लागणार आहे, त्याने मुदतीचा उपयोग पळवाट म्हणून न करता बोलणीतलं वजन म्हणून करावा.

तपासा: याआधी कोर्टाचं समन्स, लवादाची (कोर्टाबाहेर वादाचा निकाल देणाऱ्या व्यक्तीची) नोटीस किंवा निकाल आला होता का? आला असेल तर मुदतीचा हिशेब बाजूला ठेवा आणि वकिलाला कागद दाखवा. दिवाणी हुकूमनामा, म्हणजे कोर्टाचा वसुलीचा आदेश, बारा वर्षांपर्यंत अमलात आणता येतो.

## टप्पा 6: पूर्ण भरायचं की तडजोड करायची

रक्कम थोडी असेल आणि पेलत असेल तर शुल्क माफ करून घेऊन उरलेली पूर्ण भरा आणि खातं "क्लोज्ड", म्हणजे पूर्ण फेडून बंद, करून घ्या. पाच-सात हजार वाचवण्यासाठी "सेटल्ड" शिक्का पत्करणं हा घाट्याचा सौदा. तो शिक्का पाहून पुढचा कर्जदाता अर्ज नाकारू शकतो, आणि ज्या बँकेशी तडजोड केली तिच्याकडून नवं कर्ज मिळायला किमान 12 महिने थांबावं लागतं.

रक्कम आवाक्याबाहेरची असेल तर तडजोड करा, पण एकरकमी पैसे हातात असतील तेव्हाच. घरातल्या सगळ्यांशी बोलून किती रक्कम, कोणत्या तारखेला, हे आधी ठरवा. ॲपवरून नवं कर्ज काढून जुनं मिटवू नका. पैसे त्याच बँकेच्या बचत खात्यातही साठवू नका. बँक त्यातून थकबाकी परस्पर वळती करून घेऊ शकते, आणि मग बोलणीसाठी तुमच्याकडे काहीच उरत नाही. पगाराचं खातं त्याच बँकेत असेल तर ते आधी हलवा.

महिन्याला फी घेऊन "आम्ही तुमचं सेटलमेंट करून देतो" म्हणणाऱ्या कंपन्या टाळा. त्या करतात ते सगळं या लेखात आहे.

## टप्पा 7: बोलणी, आणि तीही लेखी

प्रस्ताव थेट बँकेच्या वसुली विभागाला किंवा तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. कर्ज एआरसीकडे असेल तर तिला. एजंटला हवी तर प्रत द्या. मजकूर छोटा ठेवा:

> "विषय: कार्ड क्रमांकाचे शेवटचे अंक ____, तडजोडीचा प्रस्ताव (माझे सर्व हक्क राखून).
> आपण कळवलेली रक्कम मला मान्य आहे असे या पत्रातून समजू नये. [नोकरी गेल्यामुळे / आजारपणामुळे] पूर्ण रक्कम भरणे मला शक्य नाही. सोबत पुरावे जोडले आहेत. वाद संपवण्यासाठी मी एकरकमी ₹____ देण्यास तयार आहे. आपले लेखी मंजुरीपत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत ही रक्कम भरेन."

"मान्य आहे असे समजू नये" हे वाक्य गाळू नका. पुराव्यात नोकरी सुटल्याचं पत्र, रुग्णालयाची बिलं, पगाराच्या चिठ्ठ्या, जे खरं आहे ते जोडा. रडगाणं नको, कागद बोलू द्या.

पहिला आकडा मुद्दलापेक्षा कमी ठेवा आणि तुमची वरची मर्यादा कुणालाही सांगू नका. उत्तर नकारार्थी आलं तर दोन-तीन आठवडे थांबून पुन्हा लिहा. तिमाही संपताना आणि विशेषतः मार्चमध्ये वसुली विभागावर आकडे पूर्ण करण्याचा ताण असतो, तेव्हा नकार देणारेच स्वतः फोन करतात. "ही ऑफर आज संध्याकाळपर्यंतच" हे मात्र जवळपास नेहमीच घाबरवण्यासाठी असतं.

हप्त्यांत तडजोड करायची तर दोन-तीन हप्त्यांपेक्षा लांबवू नका. एक हप्ता चुकला की बहुतेक पत्रांतल्या अटीनुसार सवलत रद्द होते आणि भरलेलं मूळ बाकीत वळतं होतं.

सावधान: हप्त्यांसाठी पुढच्या तारखांचे चेक देऊ नका. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला आहे. चेक न वटला की चेकच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138 खाली फौजदारी प्रकरण उभं राहतं. खात्यातून परस्पर वळती होण्याच्या मंजुरीबाबतही, ती अपुऱ्या शिल्लकीमुळे परत गेली तर, तशीच तरतूद आहे.

## टप्पा 8: मंजुरीपत्र शब्द न् शब्द वाचा

बोलणी जमली की लगेच पैसे भरायची घाई होते. इथेच थांबा. पत्र हातात आल्यावर पुढील गोष्टी एकेक करून ताडून पाहा:

1. पत्र बँकेच्या किंवा एआरसीच्या लेटरहेडवर आहे. एजन्सीच्या लेटरहेडवरचं चालणार नाही.
2. तुमचं नाव, कार्डाचे शेवटचे अंक आणि कार्डावरच्या कर्जाचा खाते क्रमांक, सगळं बरोबर आहे.
3. एकूण बाकी, तडजोडीची रक्कम, भरण्याची शेवटची तारीख आणि कुठे भरायचे ते लिहिलं आहे.
4. "पूर्ण आणि अंतिम तडजोड" अशा अर्थाचे शब्द आहेत आणि उरलेल्या रकमेवर हक्क सोडल्याचं स्पष्ट आहे.
5. पैसे मिळाल्यावर नो ड्यूज पत्र (काही देणं बाकी नाही असं सांगणारं) किती दिवसांत देणार आणि क्रेडिट माहिती कंपन्यांना काय कळवणार, हे नमूद आहे.
6. दावा किंवा लवाद चालू असेल तर तो मागे घेण्याची जबाबदारी त्यांची, असं लिहिलं आहे.

पाचवा मुद्दा पत्रात क्वचित आपणहून येतो. ईमेल करून मागून घ्या.

मग पत्र खरं आहे का ते तपासा. कार्डाच्या मागे किंवा बँकेच्या संकेतस्थळावर असलेल्या नंबरवर स्वतः फोन करा, किंवा शाखेत जाऊन पत्र दाखवा. ज्याने पत्र पाठवलं त्यानेच दिलेल्या नंबरवर खात्री करून घेणं म्हणजे चोरालाच पहाऱ्याला बसवणं. हुबेहूब लोगो असलेली खोटी मंजुरीपत्रं बनवणं आता फार सोपं आहे.

## टप्पा 9: पैसे भरा

भरणा फक्त पत्रात लिहिलेल्या, बँकेच्या किंवा एआरसीच्या नावाच्या खात्यात. एजंटच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही, एजन्सीच्या खात्यात नाही, रोख तर नाहीच. शेवटच्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी भरा. सुट्टी किंवा सर्व्हरच्या घोळाने एक दिवस चुकला तरी मंजुरी रद्द झाली म्हणून सांगणारे असतात.

रक्कम पत्रातल्या आकड्याइतकीच, पैशापैशाला. भरल्यावर यूटीआर (बँक व्यवहाराचा ओळख) क्रमांक, पावती आणि पत्राची प्रत असा ईमेल त्याच दिवशी पाठवा.

## टप्पा 10: नो ड्यूज आणि रिपोर्टची दुरुस्ती

पैसे भरले की लोक सुटकेचा निःश्वास टाकून फाइल कपाटात ठेवतात. अजून काम आहे. नो ड्यूज पत्र आलं का पाहा, जुनी परस्पर वळतीची मंजुरी रद्द करा, सुरुवातीला कधी कोरे चेक दिले असतील तर परत मागा.

साधारण 45 दिवसांनी चारही रिपोर्ट पुन्हा काढा. त्या वर्षातला मोफत रिपोर्ट वापरून झाला असेल तर थोडे पैसे मोजावे लागतील, मोजा. चालू बाकी शून्य दिसायला हवी. नसेल तर त्या कंपनीच्या संकेतस्थळावर हरकत नोंदवा आणि बँकेलाही लिहा. तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹100 भरपाईची तरतूद आहे. ती अर्जात मागायला लाजू नका.

"सेटल्ड" हा शिक्का कायमचा असलाच पाहिजे असं नाही. पुढे पैसे आले तर सोडलेली रक्कम भरून खातं "क्लोज्ड" करून द्याल का, असं बँकेला विचारता येतं. आधी लेखी होकार, मगच भरणा, हा नियम इथेही तोच.

## मध्येच काही आलं तर

लोकअदालतीची नोटीस: हे वॉरंट नव्हे. खरी आहे का ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारा आणि खरी असेल तर जा. तिथे तुमच्या संमतीशिवाय काही लादता येत नाही. मात्र संमती दिलीत तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून टप्पा 4 चा कागद बरोबर न्या.

लवादाची नोटीस: फेकून देऊ नका. बँकेने एकतर्फी लवाद नेमला असेल तर त्यावर लेखी हरकत घेता येते, पण गप्प राहिलात तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागतो.

कोर्टाचं समन्स: समरी दाव्यात (कमी टप्प्यांत झटपट चालणाऱ्या दाव्यात) हजर होण्यासाठी फक्त 10 दिवस मिळतात. त्याच दिवशी वकील गाठा. हुकूमनामा झाला तरी पगारातले पहिले ₹1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत, भविष्य निर्वाह निधीलाही संरक्षण आहे.

"पोलीस घेऊन येतो" अशी धमकी: केवळ थकबाकीसाठी पोलीस अटक करत नाहीत. फोन रेकॉर्ड करा आणि वहीतल्या नोंदींसह बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. मदतीसाठी 14448 हा क्रमांक आहे. धमकी जिवाची किंवा मारहाणीची असेल तर लोकपालाची वाट न पाहता पोलीस ठाण्यात जा.

मंजुरीपत्र, भरण्याची पावती, यूटीआर आणि नो ड्यूज यांची एक छापील आणि एक ईमेलवरची प्रत कायम ठेवा. जुन्या यादीवरून पाच वर्षांनीही फोन येतो. तेव्हा वाद घालत न बसता नो ड्यूजची प्रत एजन्सीला आणि बँकेला एकाच ईमेलमध्ये पाठवा आणि यादीतून नाव काढल्याचं लेखी उत्तर मागा.